“हे तर कुणालाही सुचले असते” : पेटंट एक्झामिनरच्या आक्षेपाला उत्तर आणि अपील

पेटंट कार्यालयाच्या एक्झामिनरचा पहिला तपासणी अहवाल, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एफईआर, हातात पडला की त्यात एक परिच्छेद बहुधा ठरलेला असतो. डी१ आणि डी२ हे जुने कागद एकत्र वाचले तर त्या क्षेत्रातल्या जाणकाराला तुमची रचना सहज सुचली असती, म्हणून पेटंट कायदा १९७० च्या कलम २(१)(जेए) प्रमाणे इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकारालाही सहज न सुचणारी पुढची पायरी) नाही, असे तो सांगतो. पेरणी यंत्र, पऱ्हाटी उपटणी, ठिबकचा फिल्टर, वाळूजच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेले एखादे जिग-फिक्श्चर अशा यांत्रिक अर्जांना हा आक्षेप हमखास भेटतो, कारण त्यांतला प्रत्येक सुटा भाग कुठे ना कुठे आधी वापरलेला असतोच.

हा आक्षेप म्हणजे नकार नव्हे. त्याला उत्तर देता येते, सुनावणी मागता येते आणि नकार आलाच तर उच्च न्यायालयात अपील करता येते. मात्र अपिलात न्यायालय मुख्यतः आधीच्या फायलीकडेच पाहते. जो मुद्दा एफईआरच्या उत्तरात लिहिला नाही तो तिथे उभा करणे फार अवघड जाते. म्हणून खालची निम्म्याहून अधिक चर्चा एफईआरच्या उत्तराचीच आहे.

आधी तारखा लिहून काढा

एफईआर जारी झाल्याच्या तारखेपासून ६ महिन्यांत अर्ज मंजुरीयोग्य करून द्यायचा असतो. तुम्ही ई-मेल कधी उघडला याला अर्थ नाही. ही मुदत फॉर्म ४ भरून आणखी ३ महिने वाढवता येते, पण तो फॉर्म पहिले ६ महिने संपण्याच्या आत गेला पाहिजे. मुदत चुकली तर कलम २१(१) खाली अर्ज सोडून दिल्याचे धरले जाते. २०२४ च्या सुधारणेनंतर नियम १३८ खाली विलंब माफ करून घेण्याची वाट आहे, पण तिची फी जड आहे. तिच्यावर भिस्त ठेवून कुणी नियोजन करू नये.

शेतीच्या अवजारांत या तारखांचा हंगामाशी थेट संबंध येतो. एफईआर १५ ऑक्टोबरचा असेल तर ६ महिने १५ एप्रिलला संपतात. तुमच्या यंत्राचा गुण ओल्या काळ्या रानात पेरताना दिसणारा असेल तर तोवर पाऊसच नाही. १५ एप्रिलच्या आत फॉर्म ४ भरला की मुदत १५ जुलैपर्यंत जाते आणि मृगाच्या पावसावरची पेरणी चाचणीसाठी हाती लागते. पाऊस लांबला तर काय, याची सोय पुढे चाचणीच्या भागात आहे.

डी१, डी२ स्वतः उतरवून वाचा

एक्झामिनरने दिलेल्या क्रमांकावरून मूळ कागद एस्पेसनेट, गुगल पेटंट्स किंवा भारतीय कार्यालयाच्या इनपास या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. सारांशावर विसंबू नका. चार गोष्टी तपासायच्या.

पहिली, प्रकाशनाची तारीख. ती तुमच्या प्राधान्य तारखेच्या (या शोधाचा पहिला अर्ज केल्याच्या तारखेच्या) आधीची नसेल तर तो कागद या आक्षेपासाठी वापरता येत नाही. दुसरी, एक्झामिनरने ज्या परिच्छेदांचे किंवा आकृत्यांचे क्रमांक दिलेत तिथे खरोखर तेच लिहिले आहे का. चिनी कागदांच्या यंत्र-भाषांतरात भागांच्या नावांची गल्लत होऊ शकते. तिथे आकृती बघून खात्री करा. तिसरी, त्या कागदाने कोणती अडचण सोडवायला घेतली होती. चौथी, तो तुमच्या मार्गाला जाऊ नका असे कुठे सांगतो का. अशी एखादी ओळ सापडली तर ती सोन्याची समजा.

डी३ म्हणून तुमचाच यूट्यूबवरचा व्हिडिओ निघाला असेल तर प्रकरण वेगळे. अर्ज करण्याआधी यंत्र चालताना दाखवले असेल तर तो प्रश्न आधी नावीन्याचा होतो आणि युक्तिवादाने सुटत नाही. कायद्यात सवलती आहेत, पण अरुंद. कलम ३१ ची प्रदर्शनाची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती आणि १२ महिन्यांपुरती आहे. तालुक्याच्या कृषी मेळाव्यातला स्टॉल त्यात बसेलच असे नाही. कलम ३२ प्रमाणे, अर्जाच्या आधीच्या वर्षभरात केवळ वाजवी चाचणीसाठी यंत्र उघड्यावर चालवले आणि तशी चाचणी उघड्यावरच करणे गरजेचे होते, तर ते आड येत नाही. पाहुण्याच्या शेतात घेतलेली चाचणी यात बसू शकते. तिचा व्हिडिओ टाकून “बुकिंग सुरू” लिहिले असेल तर नाही.

घटकांचा तक्ता

आता मुख्य काम. समजावण्यासाठी एक काल्पनिक यंत्र घेऊ. सोयाबीन पेरताना काळी चिकट माती बियाणे नळीच्या तोंडाशी चिकटते, नळी तुंबते आणि दहा-वीस फूट ओळ बियाण्याविना जाते. मागे वळून पाहीपर्यंत कळत नाही. क्लेम म्हणजे अर्जातले, नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणारे वाक्य. यावर केलेल्या यंत्राच्या क्लेम १ चे तुकडे असे पडतात:

क. फणाच्या मागे बसवलेली बियाणे नळी
ख. नळीच्या तोंडाशी बिजागरीवर हलणारी स्प्रिंग स्टीलची पट्टी
ग. पेरणीची खोली ठरवणाऱ्या चाकाच्या आसावर बसवलेला कॅम (फिरताना दुसऱ्या भागाला ढकलणारी उंचवट्याची चकती)
घ. कॅम आणि पट्टीला जोडणारी कांडी, जिच्यामुळे चाकाच्या दर फेऱ्याला पट्टी नळीच्या तोंडाची आतली कड खरवडते
ङ. यंत्र उचलले, चाक थांबले की स्प्रिंगने पट्टी तोंड झाकते

डी१ हे एक जुने परदेशी पेरणी यंत्र आहे असे धरा. त्याच्या नळीला स्वतःच्या वजनाने पडणारे झाकण आहे. यंत्र जमिनीवर टेकताना माती आत शिरू नये म्हणून. डी२ मध्ये दाबचाकाच्या धावेवरची माती काढायला एक स्थिर पाते आहे. तक्त्यात डी१ समोर क ला “आहे”, ख आणि ङ ला “अंशतः”, ग आणि घ ला “नाही” येते. डी२ समोर फक्त “खरवडणे” हा शब्द जुळतो. रचना कोणतीच जुळत नाही. घ दोन्हीत नाही. सगळे उत्तर या घ भोवती उभे राहणार.

तक्त्याच्या प्रत्येक खान्यात परिच्छेद क्रमांक किंवा आकृतीतला भाग क्रमांक लिहा. “डी१ : परिच्छेद अमुक, भाग २४” असे लिहिले की एक्झामिनरला लगेच पडताळता येते. “डी१ मध्ये असे काही नाही” एवढ्या मोघम वाक्याला कुणी विचारत नाही.

उत्तर कसे बांधायचे

दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रोश विरुद्ध सिप्ला प्रकरणात २०१५ साली पायऱ्या घालून दिल्या आहेत: त्या क्षेत्रातला सामान्य जाणकार कोण ते ठरवा, शोधाचे मर्म ओळखा, प्राधान्य तारखेला त्या जाणकाराला काय माहीत होते ते पाहा, फरक मांडा, आणि मग शोध आधीच डोळ्यांसमोर ठेवून मागे वळून न पाहता तो फरक उघड होता का ते ठरवा. उत्तराचे मथळे याच क्रमाने ठेवा.

जाणकार कोण, या मुद्द्यावर बरेच जण एका ओळीत पुढे जातात. ते बरोबर नाही. आपल्या उदाहरणात तो म्हणजे अवजारे बनवणारा कारागीर किंवा कृषी अभियंता. त्याला तिफण, चाडे, नळे, ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र सगळे ठाऊक आहे. नळी तुंबली की तो काय करतो? थांबून काडीने मोकळी करतो, नळीचा व्यास वाढवतो, फणाचा कोन बदलतो किंवा वापशाची वाट पाहतो. हे उपाय प्रचलित असल्याचे दाखवता आले तर चाकाच्या फिरण्यातून नळी खरवडण्याकडे त्याचे लक्ष गेलेच नाही, हे आपोआप दिसते.

त्यानंतर जोडणीचा प्रश्न. इथेच बहुतेक उत्तरे फसतात, कारण ती डी१ वेगळा आणि डी२ वेगळा खोडत बसतात. एक्झामिनरचे म्हणणे दोन्ही मिळून आहे. त्यामुळे खोडायची आहे ती जोडणी. तीन प्रश्न विचारा: डी१ समोर असताना जाणकार डी२ कडे कशासाठी वळेल? वळला तर डी२ मधले नेमके काय उचलेल? आणि ते डी१ ला लावल्यावर काय होईल? उत्तरातला परिच्छेद साधारण असा होतो:

“डी२ मधील पाते स्थिर असून त्याच्यासमोरून चाकाची धाव फिरते. हे पाते डी१ च्या नळीच्या तोंडाशी बसविल्यास तेथे फिरणारा पृष्ठभाग नसल्याने खरवडण्याची क्रिया घडत नाही. उलट पाते बियाण्याच्या वाटेत येऊन नळी अधिक तुंबेल. पाते हलते करायचे तर त्याला चाल देणारी यंत्रणा लागेल आणि ती डी१ व डी२ दोन्हींत नाही. शिवाय डी१ चे झाकण नळीचे तोंड घट्ट बंद राहावे म्हणून जड ठेवलेले आहे (डी१, परिच्छेद अमुक). ते दर फेऱ्याला हलविले तर डी१ चा हेतूच मोडतो.”

हे इथे मराठीत दिले आहे ते समजण्यासाठी. कार्यालयाला कागद इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावे लागतात, आणि मराठी चाचणी नोंदींसोबत भाषांतर जोडावे लागते.

“रचना साधी आहे” हे एक्झामिनरचे वाक्य आले तर दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२२ चा एव्हरी डेनिसन निकाल कामाचा आहे. साधेपणामुळे शोध नाकारता येत नाही, आणि जुना कागद व नवा शोध यांत लोटलेला काळ हीही एक कसोटी आहे, असे त्यात म्हटले आहे. डी१ साठच्या दशकातला असेल आणि तेव्हापासून नळ्या तुंबतच असतील, तर एवढ्या वर्षांत कुणाला का सुचले नाही हा प्रश्न रास्त ठरतो. उलट बाजूही लक्षात ठेवा. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली भांडी घडवण्याच्या पद्धतीचे पेटंट रद्द ठरवताना, निव्वळ वर्कशॉपमधली सुधारणा पुरेशी नाही असे सांगितले. एक्झामिनर तोच निकाल पुढे करणार. म्हणून “सोयीचे”, “टिकाऊ”, “स्वस्त” असली विशेषणे उत्तरात भरू नका. ती वर्कशॉपच्या सुधारणेचीच भाषा आहे. आर्थिक महत्त्वाचा उल्लेख इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या व्याख्येत आहे, पण त्यापुढे शोध जाणकाराला उघड नसावा ही अटही आहेच. किती नग विकले गेले याचे बिल जोडायला हरकत नाही, पण त्याच्या जोरावर आक्षेप उठत नाही.

यांत्रिक अर्जात कलम ३(एफ) चा आक्षेपही बरोबर येतो: माहीत असलेल्या भागांची नुसती मांडणी, प्रत्येक भाग आपापले काम सुटेपणी करतो. याला उत्तर एकच, भाग एकमेकांवर कसे अवलंबून आहेत ते दाखवणे. कॅम काढला तर पट्टी नुसते झाकण उरते, पट्टी काढली तर कॅमला काम नाही. “पेरणीची पद्धत” असा क्लेम असेल तर तो कलम ३(एच) मध्ये शेतीची पद्धत म्हणून अडकतो. तो वगळून यंत्राच्या क्लेमवर जोर द्या. त्यासाठी भांडण्यात राम नाही.

क्लेम आवळताना

युक्तिवाद कितीही चांगला असला तरी तो क्लेममध्ये नसलेल्या गुणावर उभा असेल तर वाया जातो. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. उत्तरात घ ची महती चार पाने आणि क्लेम १ मध्ये मात्र “नळी स्वच्छ करणारे साधन” एवढेच. एक्झामिनर क्लेम वाचतो आणि डी१ चे झाकणही “साधन”च आहे असे म्हणतो. तेव्हा घ हा घटक क्लेम १ मध्ये स्पष्ट आणा.

बदल कलम ५९ च्या चौकटीत हवा: नवा क्लेम जुन्या क्लेमच्या व्याप्तीत पूर्णपणे बसला पाहिजे आणि मूळ स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जासोबतच्या शोधाच्या सविस्तर वर्णनात) नव्हते असे काही आत येता कामा नये. कांडीची लांबी, कॅमचा उठाव, पट्टीची जाडी मूळ मजकुरात किंवा आकृतीत असतील तरच घेता येतात. बदलाच्या खुणा दाखवणारी एक प्रत आणि स्वच्छ एक प्रत द्या.

क्लेम फार आवळला तर पेटंट मिळते, पण शेजारचा कारखानदार कॅमच्या जागी साखळी लावून तेच यंत्र विकतो. म्हणून क्लेम १ मध्ये “चाकाच्या फिरण्यातून पट्टीला चाल देणारी जोडणी” ठेवावी आणि कॅम-कांडी आश्रित क्लेममध्ये, म्हणजे क्लेम १ वर टेकलेल्या पुढच्या क्लेममध्ये. मात्र “जोडणी” एवढ्या रुंद अर्थाला मूळ मजकुराचा आधार आहे का ते आधी पाहावे.

आणखी एक जागा तपासा: स्वतःच्याच स्पेसिफिकेशनमधली पार्श्वभूमी. “खरवडणारी पट्टी वापरणे सर्वांना माहीत आहे” असे वाक्य तिथे लिहून गेले असेल तर एक्झामिनर ते कबुलीजबाबासारखे वापरतो.

चाचणीचा पुरावा

नवी आकडेवारी स्पेसिफिकेशनमध्ये घालता येत नाही, पण शपथपत्रावर पुरावा म्हणून देता येते (कलम ७९, नियम १२६). तुलना डी१ सारख्या यंत्राशी हवी. तुमच्याच यंत्राची पट्टी आणि कॅम काढून जड झाकण लावले तरी चालते, मात्र तसे स्पष्ट लिहा.

एकाच शेतात, एकाच दिवशी, एकाच ट्रॅक्टरवर, ताशी ३ ते ४ किलोमीटर वेगाने दोन्ही रचना चालवा. खोली ३ ते ५ सेंटिमीटर, ओळींतले अंतर ४५ सेंटिमीटर. प्रत्येक रचनेच्या १०० मीटरच्या किमान ५ ओळी घ्या आणि क्रम आलटून-पालटून ठेवा. नाहीतर रान दुपारपर्यंत सुकले म्हणून नंतरच्या रचनेला फायदा झाला, असा आक्षेप येतो. दर ओळीला नळी किती वेळा तुंबली आणि बियाण्याविना किती मीटर गेले ते मोजा. मातीचा ओलावा मोजायला प्रत्येक ओळीजवळून पेरणीच्या खोलीवरचा नमुना हवाबंद डबीत घ्या, वजन करा, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वजन करा. वजनातली घट भागिले कोरडे वजन, गुणिले १००. हा आकडा नसेल तर “ओल्या रानात चांगले चालते” याला किंमत नाही.

पाऊस आला नाही तर काळी माती भरलेला लांब वाफा पाटाने भिजवून, ओलावा मोजून तीच चाचणी घ्या. शेतातल्या चाचणीइतकी ती वजनदार नाही, पण मुदत चुकण्यापेक्षा बरी.

शपथपत्र कुणाचे, यावर बरेच अवलंबून असते. शोधकर्त्याचे स्वतःचे चालते, पण त्रयस्थाचे अधिक भरते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातले किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातले अभियंते योग्य, कारण जाणकार म्हणून त्यांची पात्रता दाखवता येते. त्यांच्याकडून “यंत्र उत्तम आहे” असे प्रशस्तिपत्र घेऊ नका. डी१ आणि डी२ वाचून जाणकाराने काय केले असते आणि काय केले नसते, हे त्यांनी आपल्या शब्दांत सांगावे.

सुनावणी

उत्तराने समाधान झाले नाही तर कंट्रोलर, म्हणजे अर्जावर निर्णय देणारा पेटंट कार्यालयातला अधिकारी, सुनावणीची नोटीस काढतो. नोटिशीत आक्षेप पुन्हा लिहिलेले असतात. एफईआरशी ओळीला ओळ लावून पाहा. नवा कागद आला असेल तर तो अभ्यासायला वेळ मागा आणि ही मागणी लेखी नोंदवा. तारीख पुढे ढकलायची असेल तर सुनावणीच्या किमान ३ दिवस आधी, कारण आणि फीसह अर्ज करावा लागतो. अशी सवलत दोनदाच मिळते आणि प्रत्येक वेळी ३० दिवसांपेक्षा जास्त नाही.

सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सवर होते. वेळ थोडा असतो, म्हणून घटकांचा तक्ता आणि नळीच्या तोंडाची एक मोठी आकृती एवढेच पडद्यावर दाखवा. त्यानंतर १५ दिवसांत लेखी निवेदन द्यायचे असते. तोंडी बोललेला प्रत्येक मुद्दा त्यात उतरला पाहिजे, कारण अपिलात हाच कागद बोलतो. मुख्य क्लेमसोबत पर्यायी, जास्त आवळलेला क्लेमसंचही याच टप्प्यावर द्या.

नकाराचा आदेश आला तर

कलम १५ खालचा आदेश हातात आल्यावर तीन गोष्टी शोधा: जुन्या कागदात काय आहे, तुमच्या अर्जात काय आहे, आणि पहिल्यावरून दुसरे जाणकाराला कसे उघड होते. या तिन्हींची चर्चा आदेशात हवी, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ साली अॅग्रीबोर्ड प्रकरणात म्हटले. पुष्कळ आदेशांत पहिल्या दोन गोष्टी असतात आणि तिसरीच्या जागी “म्हणून उघड आहे” एवढेच. तसे असेल तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच. त्याच्या जोडीला तुमच्या उत्तरातले कोणते मुद्दे आणि कोणते शपथपत्र आदेशाने विचारातच घेतले नाहीत, त्याची यादी पान क्रमांकांसह करा.

पुढे दोन वाटा. आदेशावर दिसणारी उघड चूक असेल, म्हणजे जुनाच क्लेमसंच तपासला किंवा डी२ ऐवजी भलताच कागद वाचला, तर फॉर्म २४ वर पुनर्विलोकन. मुदत आदेश कळल्यापासून १ महिना, फॉर्म ४ वर आणखी १ महिना. गुणवत्तेवरचा वाद मात्र अपिलाचाच. कलम ११७ए खाली आदेशाच्या तारखेपासून ३ महिन्यांत ते दाखल करायचे असते. न्यायालय वाढीव वेळ देऊ शकते, पण कारण पटावे लागते. पुनर्विलोकन प्रलंबित आहे म्हणून अपिलाची मुदत थांबली असे धरून बसू नका.

पूर्वी ही अपिले बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात. २०२१ मध्ये ते मंडळ गेले आणि काम उच्च न्यायालयांकडे आले. मराठवाड्यातला अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात नोंदलेला असतो. एक्झामिनर चेन्नईत किंवा कोलकात्यात बसलेला असला तरी अपील मुंबई उच्च न्यायालयातच. संभाजीनगरचे खंडपीठ दाराशी असले तरी दाखल कुठे करायचे हे वकिलाने रजिस्ट्रीकडून सुरुवातीलाच पक्के करून घ्यावे. शेवटच्या आठवड्यात हा घोळ निघाला तर मुदत हातची जाते. पेटंट एजंट वकील नसेल तर त्याला तिथे उभे राहता येत नाही. पण मसुदा वकिलाने एजंटला शेजारी बसवूनच करावा, कारण घ म्हणजे नेमके काय हे वकिलाला कागदावरून चटकन समजत नाही.

अपिलासोबत आदेशाची प्रत, एफईआर, उत्तर, सुनावणीची नोटीस, लेखी निवेदन, सर्व क्लेमसंच तारखेनुसार, डी१ व डी२ आणि शपथपत्रे लावा. अपिलाची कारणे पाच-सहाच ठेवा.

निकाल बहुधा तीनपैकी एक येतो: अपील फेटाळले, पेटंट देण्याचा आदेश, किंवा प्रकरण नव्याने निर्णयासाठी कंट्रोलरकडे परत. कारणे न देता नाकारलेल्या अर्जांत तिसरा निकाल नेहमीचा. परत पाठवताना दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर आणि ठरावीक मुदतीत सुनावणी व्हावी, अशी मागणी अपिलातच करून ठेवा. परत गेल्यावर पर्यायी क्लेमसंच पुन्हा पुढे करता येतो.

या साऱ्या काळात पेटंटची २० वर्षे अर्जाच्या तारखेपासून चालूच असतात. पेटंट मिळाले की तिसऱ्या वर्षापासूनची साचलेली नूतनीकरण फी नोंदवहीत नोंद झाल्यापासून ३ महिन्यांत भरायची असते. मुदतवाढ घेऊन जास्तीत जास्त ९ महिने. ती रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा.